शाब्दिक उदाहरणे आणि लहान मुलांची समज

प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांत जे अंकगणित शिकविले जाते, त्यात शाब्दिक उदाहरणांचा वाटा पानांच्या हिशेबाने थोडा असतो. शिक्षकांच्या व पालकांच्या तक्रारींत मात्र तो फार मोठा असतो. पाटीवर मांडलेली बेरीज बिनचूक करणारे मूल, तीच बेरीज दोन-तीन वाक्यांच्या आवरणात पुढे आली की गोंधळते आणि विचारते, "बाई, यात मिळवायचे की वजा करायचे?" या एका प्रश्नात साऱ्या अडचणीचे मूळ आहे. मुलाला आकडेमोड येते, परंतु उदाहरणातील प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. किंबहुना, तो उभा करावयाचा असतो हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

ही अडचण किती खोल जाऊ शकते, हे १९८०च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोबल येथे केलेल्या एका पाहणीत दिसून आले. सात ते नऊ वर्षे वयाच्या ९७ मुलांना पुढील प्रश्न देण्यात आला : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्या वापरून उत्तर काढले. ही मुले मंदबुद्धीची होती असे समजणे चूक ठरेल. उलट, शाळेचा अलिखित करार त्यांनी नीट ओळखला होता : पुस्तकातील प्रत्येक उदाहरणाला उत्तर असते, त्यात आलेल्या सर्व संख्या वापरावयाच्या असतात, आणि अर्थाची चौकशी करणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे. पहिली-दुसरीतच एखाद्या मुलाची अशी समजूत झाली, तर पुढील आठ-दहा वर्षांचे गणित त्याला केवळ तर्काने ओढून न्यावे लागते.

या समजुतीला खतपाणी घालणारी एक पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. 'एकूण' किंवा 'जास्त' हा शब्द आला की बेरीज, 'उरले' किंवा 'कमी' आले की वजाबाकी, अशी खुणेच्या शब्दांची यादी मुलांकडून पाठ करून घेतली जाते. चाचणीपुरता तिचा उपयोग होतो, हे खरे. परंतु पुढील उदाहरण पाहा : सलीमजवळ काही गोट्या होत्या. जत्रेत त्याने आणखी ५ गोट्या घेतल्या. आता त्याच्याजवळ १२ गोट्या आहेत. तर आधी किती होत्या? 'आणखी' या शब्दावर विसंबणारे मूल १७ हे उत्तर लिहून मोकळे होते. आधीच्या गोट्या आताच्या गोट्यांहून अधिक कशा, ही शंकाही त्याला येत नाही, कारण शब्दांपलीकडे पाहण्याची गरज त्याला कधी भासलेलीच नसते.

वस्तुतः १२ − ५ ही एकच वजाबाकी अनेक निरनिराळ्या प्रसंगांतून येऊ शकते. १२ बोरांतील ५ खाल्ली, किती राहिली? टोपलीत १२ फळे आहेत, त्यांतील ५ पेरू आणि बाकीचे आंबे, तर आंबे किती? राधेजवळ १२ मणी आणि मीनेजवळ ५, तर राधेजवळ किती जास्त? प्रौढाला ही तिन्ही उदाहरणे सारखीच वाटतात. मुलाला ती तशी वाटत नाहीत, आणि त्यात मुलाची बाजू अधिक बरोबर आहे. पहिल्यात काही घडते; बोरे प्रत्यक्ष नाहीशी होतात. दुसऱ्यात काहीच घडत नाही. एका समूहाचे दोन भाग मनात पाडावे लागतात. तिसऱ्यात तर राधेच्या मण्यांतून मीनेचे मणी काढून टाकण्याचा प्रश्नच नसतो. दोन वेगळे ढीग शेजारी ठेवून पाहावयाचे असतात. म्हणून तुलनेची उदाहरणे सर्वांत कठीण जातात. 'राधेजवळ मीनेपेक्षा ७ मणी जास्त आहेत' हे वाक्य ऐकून पुष्कळ मुले 'राधेजवळ ७ मणी आहेत' एवढेच ध्यानात ठेवतात.

येथे अडते ते भाषेपाशी, हे अमेरिकेतील टॉम हडसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. त्यांनी मुलांना काही पक्षी आणि त्यांहून कमी अळ्या असलेली चित्रे दाखविली. 'अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त आहेत?' या प्रश्नाचे बरोबर उत्तर पहिलीतील ६४ टक्के मुलांनी दिले, तर त्याखालच्या वर्गातील केवळ २५ टक्के मुलांना ते जमले. मग प्रश्न बदलण्यात आला : सर्व पक्षी अळ्यांकडे झेपावले, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही? आता पहिलीतील सर्व मुलांचे आणि खालच्या वर्गातील ९६ टक्के मुलांचे उत्तर बरोबर आले. चित्र तेच आणि संख्याही त्याच होत्या. प्रश्न मात्र मुलाला दिसेल अशा रीतीने विचारला गेला होता.

यावरून शिकविण्याचा क्रम ठरविता येतो. उदाहरण प्रथम गोष्टीसारखे सांगावे, आणि संख्यांना हात न लावता मुलाकडून ती गोष्ट परत सांगून घ्यावी : कोणाजवळ काय होते, मग काय झाले, आपल्याला काय शोधावयाचे आहे? जे मूल हे सांगू शकते, त्याचे निम्मे काम झाले. त्यानंतर चिंचोके, खडे किंवा काड्या घेऊन तो प्रसंग जमिनीवर मांडावा. तुलनेच्या उदाहरणात एका ओळीत १२ व तिच्या खाली ५ चिंचोके जोडीजोडीने ठेवले की, 'जास्त' म्हणजे काय हे मुलाला बोटाने दाखविता येते. पुढे चिंचोक्यांऐवजी पाटीवर टिंबे काढावी, आणि चिन्हांची मांडणी सर्वांत शेवटी यावी. शाळांत बहुधा याच्या उलट घडते. 'रीत लिहा' ही सूचना पहिल्याच दिवशी मिळते.

मूल बोटांवर मोजत असेल, तर त्याला घाई करू नये. ८ आणि ५ यांची बेरीज करताना आधी ते दोन्ही ढीग एकापासून मोजते; काही महिन्यांनी आठच्या पुढून नऊ, दहा असे मोजू लागते; आणि कधीतरी 'आठ नि दोन दहा, वर तीन' असे म्हणते. या पायऱ्या मूल बव्हंशी आपली आपण चढते. उत्तर आल्यावर ताळा पाहण्याची सवय मात्र लावावी लागते. तो पुन्हा आकडेमोड करून पाहू नये. उत्तर गोष्टीत परत घालून पाहावे. सलीमजवळ आधी ७ गोट्या होत्या, ५ घेतल्या, झाल्या की नाही १२?

शब्दांमुळे गणित नेहमीच कठीण होते, असेही नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातील हिशेब त्यांनी ९८ टक्के बरोबर केले. तशीच शाब्दिक उदाहरणे कागद-पेन्सिल देऊन घातली तेव्हा ७४ टक्के, आणि नुसती आकडेमोड दिली तेव्हा ३७ टक्के उत्तरे बरोबर आली. त्यांतील एका बारा वर्षांच्या मुलाने ३५चा एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत सांगताना शून्य चढविण्याची रीत वापरलीच नाही : तीन नारळांचे १०५, आणखी तीन मिळून २१०, आणखी तीन मिळून ३१५, वर एक, म्हणून ३५०. आपल्याकडे कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. तेथेही विक्रीचे हिशेब चटकन करणारी मुले शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणांत अडखळली. आणि दुसरीकडे, बाजाराचा अनुभव नसलेल्या शाळकरी मुलांना बाजारातले हिशेब साधेनात. एका बाजूला अर्थ होता, दुसऱ्या बाजूला रीत होती. दोहोंची गाठ कोठेच पडली नव्हती.

ही गाठ वर्गात घालावयाची तर उलट दिशेचा एक खेळ उपयोगी पडतो, आणि त्यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही. फळ्यावर १२ − ५ = ७ एवढेच लिहावे आणि प्रत्येक मुलाला त्यावर गोष्ट रचावयास सांगावे. बहुतेक मुले प्रथम खाण्याच्या, हरविण्याच्या, फुटण्याच्या गोष्टी सांगतात. मग कोणी तरी सुचवावे की या गोष्टीत काही नाहीसे होता कामा नये; तेव्हा वर्ग काही वेळ शांत होतो आणि नंतर टोपलीतील आंबे-पेरू किंवा दोन भावांच्या वयांतील अंतर बाहेर येते. एखादे मूल १२ आणि ५ या संख्या गोष्टीत कशातरी कोंबते आणि ५चे पुढे काय झाले, हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या वहीवर चूक अशी खूण करण्यापेक्षा त्याच्यासोबत पुन्हा चिंचोके घेऊन बसावे.