वीज साठविणारी पेटी

विहिरीचे पाणी हौदात भरून ठेवितात, तशी वीजही साठविता येते. मात्र घटात ती रासायनिक शक्तीच्या रूपाने राहते. शिसे व शिशाचे ऑक्साइड यांच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविल्या म्हणजे सुमारे २ व्होल्टचा घट सिद्ध होतो. असे ६ घट जोडून मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी बनते. एक्साइडचा असा कारखाना १९६९ मध्ये चिंचवड येथे निघाला. आता विजेवरील वाहनांस हलके लिथियम-घट लागतात. ते देशातच व्हावेत म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

शिसे विषारी असून मुलांच्या मेंदूस विशेष अपायकारक आहे. यास्तव जुनी बॅटरी घरी फोडू नये, दुकानदारास परत द्यावी, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.