पांढरा रस्सा कुणासाठी थांबत नाही

भाऊबीजेचं जेवण पहिल्यांदाच आपल्या घरी करणाऱ्या बाईला कोल्हापुरात सगळे एकच विचारतात, "मटण किती सांगितलंस?" कोण किती वाजता येणार आणि येण्याआधी कुठं जेवून येणार, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या घरच्या पहिल्या भाऊबीजेला मटण पुरून उरलं, सुकं उत्तम झालं होतं, तांबड्याला तर्री सुरेख आली होती. गडबड झाली ती वेळेची. ज्यांच्याकडं येत्या दिवाळीला पहिल्यांदा पंगत बसणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

लग्न झाल्यापासून भाऊबीज शिवाजी पेठेतल्या सासरच्या जुन्या घरी व्हायची. चुलीपाशी सासूबाई, हाताखाली आम्ही जावा. कांदा चिरायचा, खोबरं भाजायचं, वाटण करायचं. कधी काय उतरवायचं, हे त्यांचं त्या बघायच्या. आम्ही फुलेवाडीला फ्लॅटमध्ये आलो आणि 2025 च्या दिवाळीत जेवण माझ्याकडं आलं. भाऊ, वहिन्या, मामा, मुलं आणि सासरची माणसं धरून पंधरा पानं.

पहिली गोष्ट वाराची. त्या वर्षी भाऊबीज 23 ऑक्टोबरला, गुरुवारी आली. आमच्या भागात गुरुवार पाळणारं निदान एक तरी माणूस घरटी निघतंच. नृसिंहवाडीच्या दत्तावर श्रद्धा असलेली कितीतरी घरं त्या दिवशी मटणाला शिवत नाहीत. दादाचा फोन आला, "अगं, गुरुवार हाय की! मला आपला मसुरा टाक." मामा तर माळकरीच. दुसऱ्या दिवशी जेवण करावं, तर धाकट्याची रजा संपत होती. म्हणून दोन्ही स्वयंपाक करायचं ठरलं. आमंत्रण देतानाच विचारून घ्या: वार कोण पाळतं, माळ कुणाच्या गळ्यात आहे, तिखट कुणाला चालत नाही. शाकाहारी पातेलं सगळ्यांत आधी चढवा, त्याचा डाव वेगळा ठेवा आणि त्या माणसांना पहिल्या पंगतीला बसवा. अख्खा मसूर कांदा-लसूण चटणीत नीट झाला, तर त्यांना आपण वेगळे पडलो असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट भावाच्या वाटेची. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ तिच्या घरी जेवतो, ही रीत. पण भावाला सख्ख्या-चुलत मिळून तीन-चार बहिणी असल्या, तर तो एका रात्रीत सगळ्यांच्या पाटावर बसून येतो. आठला पंगत धरली होती. दादा आणि मामा वेळेवर आले. धाकटा आणि चुलतभाऊ आले ते साडेनऊ वाजून गेल्यावर, आणि आल्या आल्या, "ताई, आत्तीच्या सुमीकडं जेवूनच आलोय, थोडंच वाढ." त्यात ओवाळायचं, ओवाळणी घ्यायची, फोटो काढायचे. तेवढ्यात शेजारणीनं कौतुकानं फराळाचं ताट पुढं केलं. चकली-करंजी खाल्लेल्या माणसाला भाकरी कशी जाणार? फराळ जेवणानंतर डब्यात घालून द्यावा.

आता मुद्द्याचं. त्या दीड तासात पांढरा रस्सा दोनदा गरम झाला आणि फुटला. वर तेलकट थर, खाली कणी. पांढऱ्याचा जीव नारळाच्या दुधात असतो. मटण शिजवलेलं अळणी, त्यात काजू, खसखस आणि पांढऱ्या तिळाचं वाटण, लवंग-वेलदोडा-मिरी आणि शेवटी नारळाचं दूध. दूध पडलं की त्याला खळखळून उकळी सोसत नाही. मंद आचेवर ढवळत राहायचं आणि उकळी फुटायच्या आत उतरायचं. पुन्हा मोठ्या आचेवर ठेवलं की दुधातला स्निग्ध अंश सुटा होतो. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फुटलेला रस्सा त्यांनी गाळून तांबड्यात घातला. तांबडा दाट झाला, कुणाला पत्ता लागला नाही. पण दुसऱ्या पंगतीला पांढऱ्याची वाटी नव्हती, आणि कोल्हापूरच्या माणसाला ते ताट अर्धंच वाटतं.

त्यावरून मी पदार्थांची वाटणीच करून टाकली आहे. काही पदार्थ थांबतात, काही थांबत नाहीत. तांबडा रस्सा आणि सुकं थांबतं, उलट मुरल्यावर जास्त लागतं. ते संध्याकाळी सहाच्या आत तयार असावं. पांढरा, भाकरी आणि दहीकांदा थांबत नाही. पांढऱ्याचं अळणी एका पातेल्यात गरम ठेवा, वाटण आणि नारळाचं दूध फ्रिजमध्ये वेगळं ठेवा. पाहुणे पानावर बसायला लागले की त्या पंगतीपुरतं अळणी घेऊन त्यात मिसळा. दहा मिनिटांचं काम आहे. दुसरी पंगत तासाभरानं बसली, तरी तिला ताजाच पांढरा मिळतो. थोडं अळणी मसाला न घालता बाजूला ठेवलंत, तर लहान मुलांच्या भाताचीही सोय होते.

मापं आमच्या घरची सांगते. रस्सा आणि सुकं दोन्ही करायचं, तर किलोभर मटण पाच जणांना पुरतं. भाऊबीजेला माणसं अर्ध्या पोटानं येतात, तेव्हा सहा धरले तरी चालतं. किलोभर मटणाच्या अळणीला एका मोठ्या नारळाचं दूध. ज्वारीच्या किलोभर पिठाच्या मध्यम दहा-बारा भाकरी. भाताला आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर उत्तम, या तांदळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मटण आदल्या संध्याकाळीच ओळखीच्या दुकानात सांगून ठेवा आणि रश्श्याचं वेगळं, सुक्याचं वेगळं तोडून मागा. सणाच्या सकाळी रांगेत उभं राहिलात, तर तिथंच दोन तास जातात. चटणी उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेली, घरात रोज वापरातली घ्या. ब्याडगीनं रंग येतो, संकेश्वरीनं ठसका येतो, आणि नवख्या चटणीत दोन्ही किती हे पंगतीत कळून उपयोग नाही. आणि भरलेला सिलिंडर घरात आहे का, ते आदल्या दिवशीच बघा.

उरलेल्या रश्श्याकडं दुर्लक्ष करू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात मटणाचं मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवणं धोक्याचं असतं. जेवणं झाल्यापासून दोन तासांच्या आत लहान डब्यांत काढून फ्रिजमध्ये टाका. मोठ्या पातेल्यातलं आतून लवकर निवत नाही.

शेवटचं भाकरीबद्दल. गरम भाकरी पानात पडावी म्हणून बहीण रात्रभर तव्यापाशी उभी राहते आणि भाऊ जेवून, हात धुऊन निघूनही जातो. माझा धाकटा वर्षातून एकदा पुण्याहून येतो, आणि त्या रात्री मी त्याच्याशी धड चार शब्द बोलले नाही. पोळी-भाकरी केंद्रात सकाळी सांगितलं की संध्याकाळी भाकरी घरपोच येते. सासूबाईंना आधी ते पटलं नाही, पण दोन भाकरी खाऊन म्हणाल्या, "बरी हाय की." तेव्हा बायांनो, एखादा पदार्थ कमी करा, भाकरी बाहेरून आणा, पण भावाच्या शेजारी पान मांडून स्वतः जेवायला बसा.