आधी त्या बॅगा उघड

मिरज,
७ नोव्हेंबर

चि. अनिकेत यास,


काल रात्री वहिनीचा फोन येऊन गेल्यापासून मला चैन नाही. वहिनी कुणाची तक्रार सांगणाऱ्यातली नाही, हे तुला ठाऊक आहे. काल मात्र बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. म्हणाली, तू पुन्हा तिकडची नोकरी बघतो आहेस. माडीवरच्या दोन मोठ्या बॅगा तू आलास तेव्हापासून तशाच बांधलेल्या आहेत. एवढं मी ऐकून घेतलं असतं. पण पुढे तिनं सांगितलं, की दादा रोज सकाळी दोघांचा चहा करतात आणि तुझा कप बशीनं झाकून ओट्यावर ठेवतात. तू उठतोस अकराला. तोवर त्यांचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून झालेला असतो. मग तो गार चहा ते हळूच मोरीत ओततात, वहिनीला दिसू नये म्हणून.

अनिकेत, तू बाबांसाठी आलास ना रे? त्यांच्या बायपासच्या वेळी न्यू जर्सीहून रात्री-अपरात्री फोन करून तूच मला म्हणाला होतास, "आत्या, मला त्यांच्याजवळ असायचंय." मग सहा पायऱ्या उतरून खाली यायला एवढा वेळ का लागावा?

तुझं काम रात्रीचं असतं, हे मला कळतं. तिकडचं ऑफिस उघडतं तेव्हा इथे देवापुढे दिवा लागलेला असतो. त्यात गेल्या आठवड्यात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, म्हणजे तुझी झोप आणखी तासभर लांबली असणार. पण या वेळापत्रकामुळे होतं काय, ते तुझ्या ध्यानात आलेलं नाही. कोल्हापूर ज्या वेळेला जागं आणि आनंदात असतं, नेमका त्याच वेळेला तू झोपलेला असतोस किंवा दार लावून कॉलवर असतोस. पहाटे पाच ते नऊ आणि दिवेलागणीनंतरचे दोन तास, या गावाची सगळी सुखं तेवढ्यात आहेत. तुझ्या वाट्याला उरते ती भर दुपार. तेव्हा उन्हं असतात, हॉर्न असतात, पार्किंगची भांडणं असतात आणि सरकारी कचेरीतली रांग असते. तेवढंच बघून तू म्हणतोस, इथे काही राहिलं नाही. कसं दिसेल?

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर आल्यापासून एकदा तरी गेलास का? म्हशी रस्त्याकडेलाच बांधलेल्या असतात, गवळी समोर धार काढतो आणि पेला भरून हातात देतो. फेस ओठांवर येतो, पेला अजून कोमट असतो. लहानपणी दादा तुला सायकलच्या दांडीवर बसवून तिथे न्यायचे. पांढऱ्या मिशा घेऊनच तू परत यायचास आणि वहिनीला त्या पुसू द्यायचा नाहीस. सईनं ते दूध प्यायलंय का? तिला म्हैस जवळून दाखवलीस का?

आता गुऱ्हाळं सुरू झाली असतील. काहिलीत रस उकळताना वरची मळी काढतात, मग रस पिवळ्याचा तांबूस होतो, आणि गुळवा पाण्यात थेंब टाकून बोटांनी चाचपून सांगतो की आता उतरवा. चुलवाणाची धग, चिपाडांचा धूर आणि हातावर घेतलेली गरम काकवी. न्यू जर्सीत हे मिळत नाही म्हणून तू एकदा माझ्याकडे हळहळला होतास. आता ते अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे तर तुला त्याची आठवणही येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

परवापासून अंबाबाईचा किरणोत्सव आहे. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. आभाळ स्वच्छ असेल तर पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. तिकडे असताना तू मोबाइलवर त्याचं चित्रण बघायचास. यंदा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेस. दादांना गर्दीत एकट्यानं जायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. ते तुला "चल" म्हणणार नाहीत. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. तूच म्हण.

मी रागावते आहे, पण का ते ऐक. आम्ही १९९० साली कुवेतहून आलो, तेव्हा तू जेमतेम चालायला लागला होतास. २ ऑगस्टला इराकी फौजा शिरल्या आणि महिन्याभरात आमचा संसार दोन पिशव्यांत आला. बसनं बगदाद, तिथून अम्मान, तिथल्या तंबूंतले दिवस आणि मग एअर इंडियाचं विमान. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास आपली माणसं अशी परतली. त्यात आम्हीही होतो. जीव वाचला म्हणून सगळे पेढे वाटत होते आणि मी माझ्या तिथल्या स्वयंपाकघरासाठी रडत होते. मंगळवार पेठेतल्या त्याच घरात, तू आता झोपतोस त्याच माडीवर, मी वर्षभर राहिले. संध्याकाळ झाली की रेडिओला कान लावून बसायचे. युद्ध कधी थांबतंय, कंपनी परत कधी बोलावतेय, एवढाच ध्यास.

आई रोज जिन्याच्या खालून हाक मारायची, "चल गं, रंकाळ्यावर जाऊन येऊ." मी म्हणायचे, बातम्या झाल्या की येते. बातम्या संपायच्या तोवर अंधार पडायचा. ती एकटीच जाऊन यायची, येताना माझ्यासाठी भाजलेल्या शेंगांची पुडी आणायची आणि न बोलता उशाशी ठेवायची. पुढच्या श्रावणात ती गेली. कुवेत सुटलं, यजमानांना बोलावणंही आलं, त्यांनी ते नाकारलं, कुपवाडला नोकरी धरली आणि आमचं सगळं नीट झालं. पण तिच्याबरोबर रंकाळ्याच्या कठड्यावर बसायचं राहिलं ते राहिलंच. इतकी वर्षं झाली, अजून भाजक्या शेंगांचा वास आला की मला जेवण जात नाही. हे मी दादांनाही कधी सांगितलेलं नाही.

म्हणून त्या झाकलेल्या कपाचं ऐकलं आणि माझ्या पोटात कालवलं.

तुझ्या अडचणी खोट्या नाहीत, बाळा. सईच्या मराठीवर वर्गातली मुलं हसतात, मुग्धाला तिच्या मनासारखं काम अजून मिळालेलं नाही, आणि जो तो तुला विचारतो, "काय झालं, का आलास?" हे रोज ऐकून कुणाचंही मन विटेल. तू थकला आहेस. पण जुलैतला तो आठवडा आठव. पंचगंगेचं पाणी चढत होतं आणि तू रोज मला राजाराम बंधाऱ्यावरचे फूट आणि इंच कळवायचास. ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली त्या रात्री तू आणि दादा शेजाऱ्यांबरोबर पुलाकडे पाणी बघायला गेला होतात. येताना टपरीवर चहा प्यायलात. फोनवर तू किती भरभरून बोलत होतास! त्या आठवड्यात परत जावं की न जावं, हा हिशेब तू मांडला नव्हतास. गावाबरोबर जागा होतास, एवढंच.

तेव्हा माझं एकच ऐक. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. रात्री काम संपलं की लगेच झोप, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी सातला खाली ये. दादा काही बोलणार नाहीत, पेपरातलं एक पान काढून तुझ्याकडे सरकवतील. ते घे. चहात साखर जास्त झाली तरी पी.

आणि तुम्ही तिघांनी नीट विचार करून जायचंच ठरवलंत, तर जा. मी तुला अडवणार नाही, दादांनाही मी समजावीन. तिथे राहूनही तू आमचाच होतास. पण जितके दिवस इथे आहेस तितके दिवस पुरता इथे राहा. बांधलेल्या बॅगेशेजारी झोपून माणसाला कुठलंच गाव लाभत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी येते आहे. सईसाठी डिंकाचे लाडू केलेत, मुग्धाला आवडतो तो मेतकुटाचा डबाही घेतला आहे. बॅगा उघडायला मी मदत करीन. लोकरीचे कपडे उन्हात घालू, सईला लहान झालेले वेगळे काढू. स्टेशनवर न्यायला तू यायला हवंसच असं नाही. रात्री काम झालं असेल तर झोप, मी रिक्षानं येईन.

जेवणाची हेळसांड करू नकोस. डोळ्यांखाली काळं आलंय म्हणाली वहिनी.

तुझी,
आत्या

ता. क. वहिनीनं मला सांगितलं ते मी तुला लिहिलं, असं तिला कळू देऊ नकोस. आणि स्टेशनवर आलासच, तर स्वेटर घालून ये. सकाळी गारठा असतो.