पैसे तर दिले, आता आणखी काय पाहिजे?

अभ्यासपाठ : मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटचे प्रश्न चर्चेसाठी आहेत.



दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आली की गटातल्या दहा जणी कंबर कसून कामाला लागतात. ऑर्डर वेळेत जाते, मजुरीही वाटली जाते. मग उन्हाळ्यात पापड-कुरडयांची ऑर्डर येते, तेव्हा मात्र सातच जणी हजर. कुणी म्हणते घरी पाहुणे आहेत, कुणी म्हणते कंबर दुखते. अध्यक्षताई वैतागते, "पैसे तर दिले ना, आता आणखी काय पाहिजे यांना?"

ताई हा प्रश्न रागाने विचारते, पण प्रश्न खरा आहे. माणसाला कामातून नक्की काय पाहिजे असतं? यावर मोठमोठ्या अभ्यासकांनी विचार केलाय. त्यातले दोघे आज समजून घेऊ.

पाच गरजा

अब्राहम मॅस्लो हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. १९४३ साली त्यांनी माणसाच्या गरजांची पाच गटांत मांडणी केली. आपल्या भाषेत ती अशी :

१. पोटाची गरज : अन्न, पाणी, झोप, अंगभर कपडा.
२. सुरक्षिततेची गरज : उद्याही काम मिळेल, आजारपणात हात पसरावा लागणार नाही, याची खात्री.
३. आपलेपणाची गरज : माझं कुणीतरी आहे, मी या गटाची आहे.
४. मानाची गरज : माझ्या कामाची कुणीतरी दखल घेतली.
५. स्वतःला घडवण्याची गरज : माझ्यात जे आहे ते पुरतं बाहेर यावं.

बहुतेक ठिकाणी हे चित्र पाच पायऱ्यांच्या शिडीसारखं काढतात. त्यामुळे वाटतं, खालची पायरी पुरी झाल्याशिवाय वरची गरज लागतच नाही. पण तसं नसतं. पहिली गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी जागी होते असं नाही, हे मॅस्लोंनीच लिहून ठेवलंय. आपल्यालाही अनुभव आहेच की! घरात पीठ संपलेलं असलं, तरी चारचौघींत कुणी टाकून बोललं तर जिव्हारी लागतंच. गरीब बाईला आधी पोट, मान नंतर, असं समजू नका.

मिठाचा हिशेब

दुसरे अभ्यासक फ्रेडरिक हर्झबर्ग. त्यांनी सुमारे २०० इंजिनियर आणि हिशेबनीस यांना विचारलं, कामावर खूप आनंद कधी वाटला आणि खूप वाईट कधी वाटलं? त्यावरचं पुस्तक १९५९ साली आलं. त्यांना दिसलं की दोन्हीची कारणं बरीचशी वेगवेगळी आहेत. पगार, कामाची जागा, नियम, वरिष्ठांची वागणूक यांत खोट असली की माणूस नाराज होतो. पण ते सगळं ठीक केलं म्हणून तो मनापासून कामाला लागतोच असं नाही. मन लागतं ते काम चांगलं जमल्याने, कुणी दखल घेतल्याने, जबाबदारी मिळाल्याने आणि पुढे जाता आल्याने.

भाजीतल्या मिठासारखं आहे हे. मीठ नसलं तर भाजी कुणी खाणार नाही. पण नुसतं मीठ बरोबर पडलं म्हणून कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. मजुरी म्हणजे मीठ. ती चुकवून चालत नाही आणि तिच्यावर थांबूनही चालत नाही.

गच्चीवरच्या सात जणी

हर्झबर्ग यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १५ मार्च १९५९ रोजी, मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. ८० रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. हीच पुढची 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' संस्था. या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आपल्यापैकी किती जणींची नणंद, बहीण, भाची मुंबईच्या उपनगरांत राहते. कुणी बोरिवलीला, कुणी घाटकोपरला, कुणी मुलुंडला. तिथेही घर सांभाळून चार पैसे मिळवायची धडपड आपल्यासारखीच. उपनगरात, मालाडला, शाखा काढायचा प्रयत्न या बायकांनी १९६१ सालीच केला होता. तो तेव्हा फसला, पण काम थांबलं नाही. आज संस्थेचं मुख्य कार्यालय उपनगरातच, वांद्र्याला आहे आणि देशभरात सुमारे ४५ हजार बहिणी सभासद आहेत.

आता मघाच्या पाच गरजा इथे लावून बघू.

पोटाची : बाई सकाळी शाखेतून मळलेलं पीठ घरी नेते, पापड लाटते, वाळवते. ते परत देताना लाटण्याची मजुरी हातात पडते.

सुरक्षिततेची : पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद राहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसातही काम सुरू! उपाय किती साधा, पण चार महिन्यांची रोजी वाचली.

आपलेपणाची : इथे नोकर आणि शेठ नाहीत, सगळ्या 'बहिणी'. नफा-तोटा सगळ्यांचा.

मानाची : सुरुवातीला त्या थोडे कमी दर्जाचे पापड स्वस्तात विकत. मग छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, दर्जाशी तडजोड नको. तेव्हापासून एकच दर्जा. आपल्या हातचा माल चांगला म्हणून ओळखला जातो, हा मान कुठल्याही हारतुऱ्यापेक्षा मोठा.

घडण्याची : संस्था बायकाच चालवतात. पुरुष पगारावर कामाला असू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत. निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतात आणि एखादी बहीणही हरकत घेऊन निर्णय अडवू शकते. पोळपाट-लाटणं घेऊन आलेली बाई कारभार शिकते, ती अशी.

मान म्हणजे मजुरी नव्हे

इथे एक धोका सांगायलाच हवा. "मान महत्त्वाचा" हे वाक्य काही जण सोयीने वापरतात. बाईला शाल-नारळ देतात, व्यासपीठावर बसवतात, 'आमची लक्ष्मी' म्हणतात आणि मजुरी मात्र दोन महिने लटकवतात. मीठ न घालता भाजीवर कोथिंबीर पेरण्यातला हा प्रकार. आपल्या गटातही "आपलंच तर काम आहे" म्हणून एखादीकडून फुकट राबवून घेतलं जातं. आपलेपणा खरा असेल तर हिशेब जास्तच चोख हवा.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी मजुरी, ठरल्या दिवशी, सगळ्यांसमोर वहीत लिहून. आणि त्याबरोबर, त्यानंतर नव्हे, मान आणि निर्णयात वाटा.

आता त्या तीन जणींकडे वळू

ज्या आल्या नाहीत त्यांच्याकडे अध्यक्षांनी आणि सचिवांनी चहाला जावं. जाब विचारायला नाही, ऐकायला. कदाचित पहिलीला दर कसा ठरला हेच माहीत नसेल. दुसरीच्या चकल्या बिघडल्या तेव्हा तिला सगळ्यांदेखत बोललं गेलं असेल. तिसरी गेली तीन वर्षं नुसती भांडी घासतेय आणि तिला वजन-पॅकिंग शिकायचं असेल. कंबरदुखी खरी असेल तर उंच ओट्याची सोय करा. तिघींची औषधं वेगळी आहेत. सगळ्यांची मजुरी पाच रुपयांनी वाढवली, तरी पहिलीला दर कसा ठरला ते कळणार नाही, दुसरीच्या मनातली सल जाणार नाही आणि तिसरीच्या हातची भांडी सुटणार नाहीत.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कामाचा दर कुणी ठरवला? तो प्रत्येकीला तोंडपाठ आहे का?
२. पावसाळ्यात किंवा लग्नसराईत काम बंद पडतं का? आपली 'खाट आणि स्टोव्ह' काय असू शकेल?
३. गेल्या महिन्यात चांगल्या कामाबद्दल कुणाचं नाव घेऊन कौतुक झालं? चूक झाली तेव्हा बाजूला घेऊन सांगितलं, की चारचौघींत?
४. खरेदी, हिशेब, दुकानदाराशी बोलणी ही कामं नेहमी त्याच दोघी करतात का? पुढच्या ऑर्डरला त्यातलं एक काम कुणाला शिकवायचं? नाव आत्ताच ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.