सांगून बाहेर पडा

2023 च्या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, माझ्या बाबांचा उजवा हात मनगटात मोडला. ते धुऱ्यावरून घसरले हे खरं, पण त्यांना त्या अंधारात धुऱ्यावर नेलं माझ्या रागानं. ही गोष्ट मी घराबाहेर कधी बोललो नव्हतो. आज लिहितोय, कारण नोकरीपायी चंद्रपूर-बल्लारपूरकडे राहणारे आणि सणाला झाडीपट्टीतल्या गावी जाणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

मी कोळसा खाणीत कामाला आहे. गाव सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला लागून. धाकटा भाऊ शेती पाहतो, आईबाबा त्याच्याजवळ राहतात. आमच्याकडे दिवाळी येते ती धानकापणीच्या ऐन धांदलीत. हलकं धान कापून कडपा बांधीत पडलेला असतो, मजूर मिळत नाहीत, आभाळ आलं की जीव खालीवर होतो. धान केंद्रावर विकलं तरी चुकारे हातात पडायला वेळ लागतो. म्हणजे शेतकऱ्याचा सण येतो तेव्हा घरात काम सगळ्यात जास्त आणि पैसा सगळ्यात कमी. मी त्याच घरात वाढलो, पण शहरात वीस वर्षं काढल्यावर हे विसरलो होतो.

उलट माझ्या पैशाची बातमी गावात माझ्याआधी पोहोचते. खाण कामगारांचा बोनस दसऱ्याआधी ठरतो आणि आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. त्या वर्षी तो 85 हजार रुपये होता. सोयऱ्याधायऱ्यांत सगळ्यांना पाठ. त्यातून पतसंस्थेचं कर्ज किती फिटलं, मुलीच्या कॉलेजची फी किती गेली, हे कुठे छापून येत नाही. मीही ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर आपण लहान होऊ असं वाटायचं.

पाडव्याच्या सकाळी आठला रात्रपाळी संपली. ती ओळीनं तिसरी रात्र होती. आंघोळ केली आणि न झोपता मोटारसायकल काढली. बायको म्हणाली, “अजी, दोन तास पडा ना, मग निघू.” मी ऐकलं नाही. सणाच्या दिवशी झोपायचं कसं, हाच विचार. मूलमार्गे गावी पोहोचलो तेव्हा डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं. पोरं गायगोधन पाहायला आखरावर गेली होती. भाऊ आणि वहिनी बांधीतून तेव्हाच परतले होते. संध्याकाळी चुलतभावानं बाटली काढली, मी दोनदा घेतली. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती 2015 ला आली आणि 2021 ला उठली. ती असावी की नसावी हा वाद मी इथे घालत नाही. इतकंच सांगतो की दारूनं माझा राग निर्माण केला नाही, पण तो रोखणारा शेवटचा बांध फोडला.

छपरीत सगळे बसले होते. आईनं मळणीच्या मशीनचं भाडं आणि मजुरीचा विषय काढला. मी गप्प होतो. भाऊ सहज म्हणाला, “दादा, तुले का टेन्शन? महिना भरला का पगार. अन् बोनस वेगळा.” त्यात टोमणा नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा कानशिलं तापली. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. वीस वर्षांचा हिशेब काढला, वहिनीच्या माहेरापर्यंत गेलो. समोर चिवड्याची परात होती, तिला लाथ मारली. सगळे एकदम गप्प झाले. माझा सात-आठ वर्षांचा पुतण्या खाली बसला आणि सारवलेल्या अंगणातून एकेक डाळवं वेचून शर्टाच्या टोकात गोळा करायला लागला. तो रडत नव्हता. माझ्याकडे बघतही नव्हता. ते पाहून मला तिथे उभं राहवेना. कुणालाही काही न सांगता मी नहरेच्या वाटेनं निघालो.

राग आला की तिथून उठून जावं, असं सगळेच सांगतात. सल्ला खरा आहे. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल, तसंच वैनगंगेपलीकडे आरमोरी-देसाईगंजचा भाग घ्या, तिथे दिवस मावळल्यावर एकट्यानं शेतवाटेला लागणं म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. वनविभाग गावोगाव सांगत असतो की अंधारात एकटे जाऊ नका, काठी आणि बॅटरी जवळ ठेवा, आवाज करत चाला. मी हे सगळं जाणत होतो आणि हातात साधी बॅटरीही नव्हती. धान उभं होतं, वाटेला दोन्ही बाजूंनी भिंतीसारखं. मी नहरेच्या पाळीवर जाऊन बसलो. अर्धा तास झाला असेल. दूरवर कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं. मला आवाज ओळखू आला आणि मी उत्तर दिलं नाही. रुसलो होतो. सत्तरी ओलांडलेले माझे बाबा बॅटरी घेऊन एकटेच निघाले होते. मग हाक मध्येच तुटली.

मी धावलो. ते बांधीच्या चिखलात पडले होते, बॅटरी बाजूला जळत होती. मला पाहून ते रागावले नाहीत. म्हणाले, “बापू, मले वाटलं वाघानं नेलं तुले.” भावानं जीप आणली. ब्रह्मपुरीला पोहोचेपर्यंत तो बाबांचा हात मांडीवर धरून बसला होता, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. भाऊबीजेला बहीण आली तेव्हा बाबांच्या हाताला प्लास्टर होतं.

यातून मी काय शिकलो ते सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल ते घ्या. पहिली गोष्ट, सणातला राग सणाच्या दिवशी तयार होत नाही. मी तो चंद्रपूरहून गाडीवर बसवून नेला होता, तीन रात्रींचं जागरण आणि मनात दाबलेला हिशेब यांच्या रूपानं. म्हणून आता पाळी संपली की आधी झोपतो. गायगोधन चुकलं तर चुकलं. 2024 ला बोनसचा आकडा आला त्याच आठवड्यात भावाला फोन केला. कर्ज कापून, फी भरून माझ्याजवळ किती उरतात याचा पै-पैचा हिशेब सांगितला आणि मळणीसाठी दहा हजार देतो म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मले वाटे तू बचतीत ठेवतेस सारे.” त्यानंतर त्यानं त्याचा हिशेब सांगितला, तोही मी कधी विचारला नव्हता. वाटणीचा, जमिनीचा, म्हाताऱ्यांच्या औषधाचा विषय दिवाळीच्या चार दिवसांत काढायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. तुळशीचं लग्न झाल्यावर एखादा रविवार त्यासाठी ठेवतो.

दुसरी गोष्ट घरातल्या बायांची. आम्ही पाहुणे म्हणून उतरतो तेव्हा वहिनी दिवसभर विळा चालवून आलेली असते आणि चुलीपुढे बसते. ती चिडली तर तिचा स्वभाव म्हणतात, मी चिडलो तर थकवा म्हणतात. हे बरोबर नाही. आता मी आणि बायको फराळ करूनच नेतो, आणि एक दिवस तरी कापणीला जातो. अंगमेहनतीनं मन हलकं होतं हा माझा अनुभव आहे.

आणि राग आलाच तर? येतोच. छाती धडधडायला लागली, आवाज चढला की मी आता उठतो, पण मोठ्यानं सांगून उठतो: “मी मारुतीच्या पारावर बसतो, अर्ध्या तासात येतो.” हे एक वाक्य विसरू नका. न सांगता गेलेल्या माणसामागे घरातलं सगळ्यात जास्त माया करणारं माणूस निघतं, आणि बहुतेक वेळा ते म्हातारं असतं किंवा लहान. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते. सणात मी तिथे जाऊन बसतो. तिथे गावाच्या उजेडात, चार माणसांत, गप्प बसायला मिळतं.

पुतण्याची मी माफी मागितली, पण सहा महिन्यांनी. एवढा उशीर करू नका. लेकरू तोवर आपल्यापुरतं काहीतरी ठरवून मोकळं होतं. तो अजूनही मी छपरीत आलो की ताट स्वतःकडे ओढून घेतो.

बाबांचं मनगट जुळलं, मात्र मूठ विळ्यावर पूर्वीसारखी बसत नाही. ते कापणीला येतात, धुऱ्यावर बसून राहतात.

ज्यांना राग आवरत नाही, झोप लागत नाही, सण आला की पोटात गोळा येतो, त्यांनी 14416 या नंबरवर फोन करावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीत बोलता येतं. ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. त्या पाडव्याला मला तिची माहिती नव्हती, म्हणून इथे लिहून ठेवतो.