पुसलेली हिस्टरी
शास्त्रपाठ : स्तोत्र १३९

वसतिगृहातल्या एका मुलाने मोबाइलमधली हिस्टरी पुसून टाकली. काहीतरी घाणेरडे पाहिले असणार, असे सगळ्यांनी धरले. मीसुद्धा.

क्रोममधून पुसले तरी गुगल खात्यात शोधांची नोंद राहू शकते. मात्र ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’ आधीपासून चालू असायला हवी. सेटिंग्जमध्ये गुगल, मग खाते, मग ‘डेटा आणि गोपनीयता’ इथे ती तारीखवार दिसते. तिथूनही पुसली, तर विषय संपला. पैसे घेऊन सगळे परत आणतो म्हणणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका.

पण त्याला न विचारता बघायचे का? स्तोत्र १३९ मध्ये दावीद देवाला स्वतःला पारखायला सांगतो, शेजाऱ्याला नव्हे. मी फोन त्याच्याच हातात दिला. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःच उघडून दाखवले. सिकलसेलने माणूस मरतो का. बहिणीला रक्त कुठे मिळेल. हा आजार आनुवंशिक, लागणारा नव्हे. पण कळले तर आपल्याला घरी पाठवतील, असे त्याला वाटले होते.

मी त्याची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. त्याचीही रक्ततपासणी करून घेतली.