शिराझच्या मैत्रिणीशी बोलताना

चि. सोनूस,


शिराझहून आलेल्या मुलीशी तुझी जोडी लावली, आता आठवड्यातून एकदा दोघींनी गप्पा मारायच्या, हे वाचून फार बरं वाटलं. "तिला आपली संस्कृती समजावून सांगायची आहे, मुद्दे काढून दे," असं लिहिलंस. मुद्दे मी देणार नाही. संस्कृती समजावायला बसलीस की तू भारताची वकील होशील आणि ती इराणची. मग गप्पा कसल्या?

चहापासून सुरुवात कर. गुडलक या इराणी हॉटेलात तिला जरूर ने, पण तिथला दुधाचा चहा तिला नवाच वाटेल. इराणात चहा कोरा पितात, साखरेचा खडा दातांत धरून. पुण्या-मुंबईच्या इराणी हॉटेलवाल्यांची घराणी बहुतेक यझ्द-केरमानकडची, झरथुष्ट्री. इराणातले बहुसंख्य लोक मात्र शिया मुसलमान. हे तुला आधीच ठाऊक असलेलं बरं. आणि इराणी लोकांना अरब म्हटलेलं फार लागतं, तेवढं सांभाळ.

बनमस्का ती 'नको' म्हणाली तर लगेच बशी मागे ओढू नकोस. त्यांच्याकडे ताआरोफ म्हणून रीत आहे. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणं बरं दिसत नाही. दुकानदारसुद्धा "राहू द्या" म्हणतो, आणि गिऱ्हाइकाने आग्रहाने पैसे द्यायचेच असतात. पंगतीत वाढप केलेल्या मुलीला हे अवघड जाऊ नये. मात्र त्यांचा आग्रह ताटापुरता नसतो. दारातून आधी कोणी जायचं, यावरही तो चालतो.

इराणात बायका लग्नानंतर माहेरचंच आडनाव लावतात. तुझ्या आईचं का बदललं, असं ती विचारेल. "आमची पद्धत आहे" म्हणून सुटू नकोस. आईने बदललं, मी नाही बदललं. दोन्ही सांग, कारणांसकट. जातीबद्दलही विचारेल. खोली शोधताना घरमालकांनी धर्म आणि खाणंपिणं विचारलं असेल, तर ती जे पाहून आली ते तुझ्या उत्तराशी ताडून बघणारच. "आता तसं काही राहिलं नाही" हे खोटं आहे. ते सांगू नकोस. तिला तिच्या घरचं खरं विचारायचं असेल तर आपल्या घरचं झाकून चालणार नाही.

हिजाबचा विषय मात्र तिने काढला तरच. २०२२ साली हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला, देशभर लोक रस्त्यावर उतरले, कित्येक तुरुंगात गेले, काहींना फाशी झाली. हिचं घरदार तिथेच आहे. तिने मन मोकळं केलंच तर ते तुझ्यापाशी राहू दे. मैत्रिणींना सांगू नकोस, मोबाइलवर तर अजिबात लिहू नकोस.

मार्चच्या २०-२१ तारखेला त्यांचा नवरोज. लसूण, सफरचंद, व्हिनेगर, अंकुरलेले गहू अशा सात वस्तू मांडतात. बहुतेक सगळं मंडईत मिळेल. सणाला ती इथे एकटी पडायला नको. तिला घरी बोलाव आणि मांडणी तिच्या हाताने होऊ दे. आईशी मी बोलते.

तुझी,
मावशी